मत्स्यालयातून कोकण किनाऱ्याच्या समुद्री जीवांची ओळख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मत्स्यालय पाहून बाहेर पडलेल्या माणसाला काय पाहिलंत असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा ‘रंगीत मासे’ असं येतं. त्या रंगीत माशांपैकी बरेचसे हजारो किलोमीटर दूरचे असतात, आणि आपल्याच किनाऱ्यावरचे रहिवासी शेजारच्या टाकीत दुर्लक्षित राहतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर जे जीव खरोखर राहतात, ते ओळखायला मत्स्यालयाचा उपयोग कसा करायचा, याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना काचेतले मासे बघायला कशाला जायचं?

कारण आपला समुद्र गढूळ आहे. याला अस्वच्छता हे एकच कारण नाही. वैतरणा, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी अशा नद्या आणि असंख्य खाड्या गाळ घेऊन येतात, भरती-ओहोटी तो गाळ दिवसातून दोनदा ढवळते, आणि त्यातच पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, म्हणजे प्लवकांची, भर पडते. हेच पोषण आपल्या मासळीचं बळ आहे. पण मुंबई-रायगडच्या पाण्यात गुडघाभर उभं राहिलं तरी स्वतःची पावलं दिसत नाहीत, मग मासा कुठून दिसणार?

ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हा जीव दिसतात, पण ते दार लावून बसलेले असतात. समुद्रफूल नावाचा फुलासारखा प्राणी आपल्या शुंडिका, म्हणजे तोंडाभोवतीचे धागे, आत ओढून चिकट गोळा होऊन बसतो. खडकाला चिकटलेलं, कवचातलं बार्नेकल झाकण मिटून घेतं. कालवं तर खडकाचाच भाग वाटतात. हेच जीव पाण्याखाली कसे उघडतात, खातात, एकमेकांना टाळतात हे कोरड्या पायांनी पाहायचं असेल तर काच हवी. एकदा तिथे नजर तयार झाली की किनाऱ्यावर तोच मिटलेला गोळा लगेच ओळखू येतो.

महाराष्ट्रात असं मत्स्यालय कुठे आहे?

सगळ्यांना आठवतं ते मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय. 1951 साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि नूतनीकरणानंतर 2015 मध्ये ते पुन्हा उघडलं. पुढे इमारत धोकादायक ठरल्याने ते बंद करण्यात आलं. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. एवढ्या मोठ्या किनारी शहराला असं ठिकाण नसणं ही मोठी उणीव आहे.

रत्नागिरीला गेलात तर डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय जरूर पाहा. ते संशोधनाचं ठिकाण आहे, त्यामुळे झगमगाट कमी. पण देवमाशाचा सांगाडा, बाटल्यांत जतन केलेले नमुने आणि जिवंत मासे असं सगळं एकाच फेरीत समजून घेता येतं. नवी मुंबईत ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथे भर आहे तो कांदळवन, खाडी आणि रोहित पक्ष्यांवर. कुठेही निघण्याआधी ते चालू आहे का आणि वेळा काय, हे फोन करून विचारा.

टाकीतला प्राणी आपल्या किनाऱ्याचा आहे की बाहेरचा, हे कसं कळणार?

पाटीवर नावाच्या आधी ‘आढळ’ वाचायची सवय लावा. पिरान्हा आणि अरापायमा दक्षिण अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचे. सोनमासा तर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेला. मुलांचा लाडका नारिंगी-पांढरा क्लाउनफिश समुद्रातलाच, आपल्या देशात अंदमानच्या प्रवाळांमध्ये राहणारा. मुंबई-रायगडच्या गढूळ खडकाळ पाण्याचा तो रहिवासी नाही. घोड्याच्या नालेसारखा हॉर्सशू खेकडा भारतात दिसतो तो ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर.

पाटीच नसेल, किंवा नुसतं इंग्रजी नाव असेल, तर रंगावरून अंदाज बांधा. हा नियम पक्का नाही, पण उपयोगी पडतो. भडक रंग स्वच्छ, उजेड असलेल्या प्रवाळी पाण्यात खुलतात. कोकणातल्या खडकांवर आणि चिखलावर राहणारे बहुतेक जीव तपकिरी, राखाडी, ठिपकेदार, पट्ट्यापट्ट्यांचे असतात. ज्या टाकीत पहिल्या नजरेला काहीच दिसत नाही, तीच बहुधा आपल्या कामाची. कर्मचाऱ्यांना सरळ विचारलं तर उत्तम: “यातले आपल्या कोळ्यांच्या जाळ्यात येणारे कोणते?” या प्रश्नावर त्यांचे चेहरे खुललेले मी पाहिले आहेत, कारण हे विचारणारे फार थोडे असतात.

कोणत्या टाक्यांसमोर जास्त वेळ थांबावं?

सगळ्या टाक्या पाहण्याचा अट्टहास सोडा. खाली दिलेल्यांपैकी दोन-तीन जरी मिळाले तरी फेरी सार्थकी लागली असं समजा.

*हेकरू.* बाजारात ओळखीचा, पण जिवंत हेकरू ही वेगळीच गोष्ट. तो खडकाच्या आडोशाला जवळजवळ न हलता राहतो, फक्त डोळे आणि कल्ले हलतात. खाणं देण्याच्या वेळेला थांबा. तो भक्ष्याचा पाठलाग करत नाही. जबडा एकदम एवढा उघडतो की पाण्याबरोबर भक्ष्य आत खेचलं जातं. हेकरूंच्या बहुतेक जाती आयुष्याची सुरुवात मादी म्हणून करतात आणि वय-आकार वाढल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे सगळे मोठे मासे पकडून संपवले तर नरच उरत नाहीत. कोवळे लहान मासे सोडून द्यावेत हे आपण नेहमी ऐकतो. इथे थोराड माशांनाही राखावं लागतं.

*बार्नेकल.* मत्स्यालयवाले यासाठी वेगळी टाकी ठेवत नाहीत; दुसऱ्या कुणाच्या टाकीतल्या दगडावर किंवा शिंपल्यावर ते चिकटलेलं असतं. शंखासारखं दिसलं तरी ते खेकडा-कोळंबीच्या कुळातलं आहे. पिल्लू असताना ते पोहत फिरतं, मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचं चिकटतं, आणि उरलेलं आयुष्य पिसांसारखे पाय बाहेर काढून पाण्यातले कण गोळा करतं. काचेला नाक लावून त्या पायांची उघडझाप पाहा. किनाऱ्यावर याच्यावरूनच चालताना आपले तळवे खरचटतात.

*ऑक्टोपस.* आपल्या खडकाळ किनाऱ्यावर, अगदी मुंबईतसुद्धा, ओहोटीच्या डबक्यांत ऑक्टोपस सापडतो. तीन हृदयं, निळसर रक्त आणि अंगात हाड नावाला नाही. कठीण असते ती फक्त चोच, त्यामुळे जिथून चोच जाईल तिथून सगळं शरीर निघून जातं. म्हणून त्याच्या टाकीचं झाकण घट्ट बसवलेलं असतं. टाकी रिकामी वाटली तर दगडांच्या फटीत डोळा शोधा. त्वचेतल्या रंगपेशी ताणल्या-आकसल्या की क्षणार्धात त्याचा रंग पालटतो, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

*निवटी.* खाडीकाठच्या गावातल्या मुलांना निवटी दाखवायला मत्स्यालय लागत नाही, पण शहरातल्यांसाठी ही पर्वणी. हा मासा चिखलावर पंखांनी सरपटतो, ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो, आणि डोळे अधूनमधून खोबणीत ओढून ओले करतो. टाकीत अर्धा भाग चिखल-दगड आणि अर्धा पाणी ठेवलेलं असेल तर समजा की मांडणाऱ्याला निवटी कळली आहे.

*बांबू शार्क.* आपल्याकडे मोरी किंवा मुशी म्हणून बाजारात येणाऱ्यांच्या नात्यातला हा छोटा, तळाशी पडून राहणारा शार्क. शार्क थांबला की मरतो असा समज पसरलेला आहे. हा तर तासन्‌तास निवांत पडलेला असतो, कारण तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडणं त्याला जमतं. त्याची अंडी चामड्यासारख्या चपट्या पिशवीत असतात. काही ठिकाणी ती उजेडासमोर धरून आतलं पिल्लू दाखवतात.

*समुद्रघोडा.* खाडीमुखाजवळ पाणवनस्पतींना शेपटीने धरून राहतो. पिल्लं नराच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे, त्यामुळे कुणी खासगी विक्रेता तो विकत असेल तर घेऊ नका आणि वनविभागाला कळवा.

पापलेट, बोंबील, बांगडा मत्स्यालयात का दिसत नाहीत?

बांगडा आणि तारली हे थव्याने सतत पोहणारे, मोकळ्या पाण्यातले मासे. कोपरे असलेल्या टाकीत ते भिंतीला धडकतात, खवले निघतात, जखमा होतात. त्यांना कोपरे नसलेली प्रचंड टाकी लागते, आणि तेवढी सोय मोजक्या ठिकाणीच असते. बोंबलाचं अंग मऊ आणि पाणीदार. जाळ्यातून वर येईपर्यंतच त्याची अवस्था बिकट होते. पापलेटही नाजूक.

म्हणून हे मासे पाहण्याची जागा वेगळी आहे: पहाटेचं मासळी बंदर. ससून डॉक, सातपाटी, हर्णे, मिरकरवाडा, मालवण इथे बोटी लागतात तेव्हा एका तासात जेवढी विविधता दिसते तेवढी कुठल्याच मत्स्यालयात नाही. 2023 मध्ये राज्यमासा म्हणून जाहीर झालेलं रुपेरी पापलेट नीट न्याहाळायचं तर तिथेच. कोळीणबाईंना नावं विचारा. एकाच माशाला वसईत एक नाव आणि वेंगुर्ल्यात दुसरं, म्हणून वहीत नावापुढे गावही लिहा. धंद्याच्या ऐन घाईत मध्ये उभं राहू नका, एवढं भान ठेवा.

काचेतून मासे दिसतात तेवढेच मोठे असतात का?

नाही. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे सपाट काचेमागचा मासा खऱ्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ, म्हणून मोठा भासतो. वक्र काच असेल तर आकारही बदलतो.

काचेवर टकटक केली तर काय होतं?

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. शिवाय माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते, जिने ते पाण्यातली बारीकशी हालचालही टिपतात. आपली टिचकी त्यांच्या सगळ्या अंगावर आदळते, आणि रविवारच्या गर्दीत दिवसभर आदळत राहते. फ्लॅशही बंद ठेवा. मोबाइल काचेला टेकवून फोटो काढला तर फ्लॅशशिवाय आणि प्रतिबिंबाशिवाय चांगला येतो.

एवढं खारं पाणी स्वच्छ कसं ठेवतात?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मत्स्यालय किनाऱ्यावर असेल तर भरतीचं पाणी घेऊन, गाळून, निवळून वापरतात. नाहीतर क्षारमिश्रण घालून तयार करतात. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारेपणा उतरतो आणि गाळ वाढतो, म्हणून साठा आधीच करून ठेवावा लागतो.

खरी लढाई अमोनियाशी असते. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यातून तयार होणारा अमोनिया विषारी. गाळणीतल्या वाळूवर, दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही जिवाणूंची फौज तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून नवी टाकी बरेच दिवस माशांविना चालू ठेवलेली दिसते. पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडून फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्रही असतं. रिकामी टाकी दिसली म्हणून तक्रार करू नका, तिथे पुढच्या रहिवाशांची तयारी चाललेली असते.

प्राण्यांना असं कोंडून ठेवणं योग्य आहे का?

हा प्रश्न मनात येणं चांगलंच, आणि त्याचं उत्तर प्रत्येक प्राण्यासाठी वेगळं आहे. समुद्रफूल, बार्नेकल, कालव हे एका जागी राहणारे जीव. पाणी आणि अन्न नीट असेल तर टाकीत त्यांचं जगणं फारसं बदलत नाही. तळाशी पडून राहणारा बांबू शार्क किंवा गुहेत राहणारा हेकरू पुरेशा जागेत बरा राहतो. डॉल्फिन आणि मोठ्या समुद्री कासवांबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: त्यांना प्रदर्शनासाठी कोंडू नये. 2013 मध्ये केंद्र सरकारने डॉल्फिनेरियमना, म्हणजे डॉल्फिन कोंडून दाखवणाऱ्या केंद्रांना, परवानगी न देण्याचे निर्देश राज्यांना दिले, ते योग्यच झालं. जखमी कासव उपचारापुरतं ठेवणं आणि बरं झाल्यावर सोडणं ही वेगळी गोष्ट.

चांगलं मत्स्यालय ओळखायचं ते प्राण्यांवरून. अंगावर जखमा आहेत का, मासा एकाच ओळीत सतत येरझारा घालतोय का, लपायला जागा आहे का? लपायला जागा असलेल्या टाकीत प्राणी कमी दिसतो, आणि प्रेक्षक नाराज होतात. तरीही ती जागा हवीच. आपण थोडं थांबावं. प्रतिसाद वहीत हे मुद्दे लिहा. ‘छान’ एवढंच लिहिलेल्या अभिप्रायापेक्षा ‘हेकरूच्या टाकीत आडोसा कमी आहे’ हे वाक्य मत्स्यालयाच्या जास्त कामाचं.

मुलांना नेताना काय करावं?

पाटी वाचून दाखवू नका. एका टाकीसमोर बसवा आणि विचारा: हा खातो कसा, श्वास कुठून घेतो, लपतो कुठे? चित्र काढायला सांगा. पाकट एकदा चितारलं की तोंड आणि कल्ल्यांच्या फटी खालच्या बाजूला असतात हे मूल आयुष्यभर विसरत नाही. स्पर्शाची टाकी असेल तर हात आधी साध्या पाण्याने धुवा, साबण किंवा सॅनिटायझर लावलेला हात घालू नका. तारामासा पाण्याबाहेर उचलू नका. सकाळी लवकर गेलात तर शाळांच्या सहलींची गर्दी टळते.

मत्स्यालय पाहून झालं. आता हेच जीव किनाऱ्यावर कधी आणि कसे पाहायचे?

ओहोटीला, आणि तीही उधाणाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि तेवढंच खोल उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असते, तेव्हा खडक फारसे उघडे पडत नाहीत. वेळ काढण्याचा कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागा, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. पौर्णिमा म्हणजे 15, तर सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांच्या थोड्या पुढे, म्हणजे साडेपाचच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळी. हा हिशेब मुंबई आणि आसपासच्या किनाऱ्याला लागू पडतो. तरी निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघाच.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. पायात घट्ट, न घसरणारे बूट हवेत. दगड उलटलात तर होता तसाच ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला सावलीत राहणाऱ्यांची वस्ती असते आणि ती उन्हात मरते. पावसाळ्यात खडकांवर जाऊ नका. एकट्याने जायचं धाडस करण्यापेक्षा जाणकारांबरोबर जा. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट 2017 पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर अशा फेऱ्या नेतो. हाजी अली, गिरगाव, जुहू अशा गजबजलेल्या जागीही प्रवाळ, समुद्री गोगलगाई, समुद्रफुलं आहेत हे अनेकांना त्यामुळेच कळलं. 2020 मध्ये सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवल्या गेल्या. तिथे प्रवाळ आहेत याची आधी नोंद झाली होती, म्हणून निदान तेवढं तरी झालं. तुम्हीही फोटो काढून जागा-तारखेसह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जाणकार नाव सुचवतात.

मग मालवणला पाण्याखाली उतरावं का?

उतरायला हरकत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. हिवाळ्यात पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. प्रवाळावर उभं राहू नका, आणि माशांना पाव-बिस्किटं टाकणाऱ्या चालकाला नाही म्हणा. आधी मत्स्यालयात नजर बसवली असेल तर त्या थोड्या मिनिटांत कितीतरी जास्त दिसतं.

किनाऱ्यावर कोणत्या जीवांपासून सांभाळावं?

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, निळ्या फुग्यासारखे ब्लूबॉटल वाऱ्याने किनाऱ्याला लागतात. मेल्यावरही त्यांच्या लांब धाग्यांचा डंख कायम असतो. लागलाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा आणि त्रास वाढला तर डॉक्टर गाठा. पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो, म्हणून उथळ पाण्यात पाय घासत चाला, तो स्वतःहून दूर होतो. समुद्रसाप विषारी, जाळ्यात किंवा वाळूवर दिसला तर हात लावायचाच नाही, निपचित पडलेला असला तरी. शंकूच्या आकाराचे सुबक शंख जिवंत असतील तर डंख मारतात. थोडक्यात, ओळख नसेल तर स्पर्श नाही.

शंख-शिंपले किंवा एखादा छोटा जीव घरी आणला तर चालेल का?

जिवंत काहीच आणू नका. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकडी आणि काही शंखांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे. ते जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, मग ते मेलेले का असेनात. रिकामा वाटणारा शंखसुद्धा शंखातल्या खेकड्याचं घर असू शकतो. त्याला वाढत्या अंगाबरोबर मोठा शंख शोधावा लागतो, आणि आपण गोळा करून नेले की त्याला ते मिळत नाहीत.

कासव किंवा डॉल्फिन किनाऱ्याला लागलेला दिसला तर काय करायचं?

पहिली ऊर्मी त्याला पाण्यात ढकलण्याची असते, ती आवरा. कासव दमलेलं किंवा जखमी असल्यामुळेच बाहेर आलेलं असतं, ढकलल्यावर बुडू शकतं. अपवाद एकच: हिवाळ्यात रात्री वाळूवर अंडी घालायला आलेली मादी. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले येतात. तिला उजेड न दाखवता, लांबून जाऊ द्या.

जखमी प्राण्याभोवतीची गर्दी आणि कुत्री दूर ठेवा, सावली करा, ओलं फडकं पाठीवर टाका, पण डॉल्फिनच्या डोक्यावरचं श्वसनछिद्र झाकू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किनाऱ्याचं नाव आणि जवळची ठळक खूण सांगा. डहाणूला समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे. पालघर जिल्ह्यात कासव सापडलं तर वनविभाग त्याला तिथे पोहोचवण्याची व्यवस्था करू शकतो. माणसं येईपर्यंत थांबा, आणि भरती चढू लागली असेल तर ते फोनवर आवर्जून कळवा.